चारदा विचारलेलं नाव

नागुबाईने फ्लेक्सचा नमुना टेबलावर पालथा घातला.

"हे छापायचं न्हाई," ती म्हणाली.

व्यंकट सर हसले. लातुरात त्यांच्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून आईबाप भर उन्हात रांगा लावतात, आणि इथे पोरगी सीईटीत पहिली आली तर तिची आईच फोटो लावू नका म्हणते!

"मावशी, चुकलं काय? फोटो मोठा आहे, मार्क बरोबर आहेत."

"नाव चुकलं. ही मीरा न्हाई. मिरेय हाय."

अकरावीच्या पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेताना इंग्रजी अक्षरांतले मुके 'एल'ही वाचून 'मिरेल्ली' म्हटलं होतं. तीनशे पोरं फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवशी सरांनीच सोय म्हणून तिची मीरा करून टाकली, ओळखपत्रावरही तेच आलं. दोन वर्षं नागुबाईने हे गिळलं. क्लासच्या पोरांचे डबे करून तिने पोरीला शिकवलं. सरांनाही दुपारचा डबा तिच्याकडूनच जायचा; त्यांच्या लेखी ती नुसती डब्याची मावशी. पण आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भर चौकात पोरीचा फोटो लागणार आणि खाली नाव भलतीचंच.

"आई, राहू दे ना," शेजारी उभी असलेली मिरेय पुटपुटली. "मीरा सोपं आहे. मेडिकलला गेल्यावर तिथंही सगळे हसतीलच."

"तू गप बस."

"पण मावशी, असलं नाव ठेवायचंच कशाला?" सर म्हणाले. "कुणाच्या जिभेवर बसणार ते?"

नागुबाईने आखडलेला पाय हाताने धरून सरळ केला.

"भूकंपात घर अंगावर आलं, तवा ही पोटात होती. सातवा महिना. तंबूतल्या दवाखान्यात माझं हाड बसवायचं होतं, आन् पोटातल्या लेकरापायी गुंगीचं औषध द्यायला डॉक्टर भ्याले. तिथं फ्रान्सची एक नर्स होती. माझा हात धरून बसली. खुणेनं म्हणाली, वरडायचं तर माझं नाव घेऊन वरड. तासभर वरडले मी. मिरेय, मिरेय. मला अडाणीला येतंय, तर एवढी बुकं शिकलेल्या माणसाला का यिऊ नये?"

सरांनी नमुना सुलटा केला.

"मिरेल..."

"ल न्हाई. मसाल्यातले मिरे म्हणा, आन् शेवटी गायीचा य."

तिसऱ्या खेपेला सरांना जमलं. "दुरुस्त करून घेतो, मावशी," ते खाली मान घालून म्हणाले.

जिना उतरताना मिरेय मध्येच थांबली. भूकंपात मदतीला आलेल्या बाईचं नाव, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं.

"आई, ती तुला काय म्हणायची?"

"नागुबाई."

"तिला म्हणता यायचं?"

"पयल्यांदा कुठलं. नागुबे म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा विचारलं, पुन्हा म्हणाली. चारदा. नीट आलं, तवाच हात धरला माझा."

हातातली रिकाम्या डब्यांची पिशवी मिरेयने पायरीवर ठेवली आणि ती परत वर गेली. सरांचं दार उघडंच होतं.

"सर," नागुबाईला खालून पोरीचा आवाज ऐकू आला, "माझ्या आईचं नाव नागुबाई आहे."