चाळीसच्या वर

माझ्या धाकट्या जावेचं पोट दुखायला लागलं की घरात सगळ्यांना एकदम कामं आठवायची. पित्ताशय काढून झालं होतं, फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ, मग आता दुखतंय काय? माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, तर तिच्यादेखत मला म्हणायचा, "नाटकं आहेत, वहिनी." आमच्या दोघींचं फार गूळपीठ होतं असं नाही, स्वयंपाकघरात रोज वाजायचंच. पण नाटक करणारं माणूस असं पांढरंफटक पडत नाही, एवढं मला कळतं.

शेवटी एका डॉक्टरबाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडते तिथे स्नायूचं कडं असतं. ते आवळून बसलं की आत दाब वाढतो. तोंडातून दुर्बीण घालून, बारीक नळीने तो दाब मोजू. चाळीसच्या वर गेला तर तिथेच कडं कापून मोकळं करू. नाही गेला, तर मी हात लावणार नाही. त्यात धोका असतो." आणि वर अट घातली, की मोजायच्या आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आकड्यावर भरवसा राहत नाही.

"आकडा बरोबर आला की गप्प बसेल ना ही?" दीर म्हणाला. आणि दुकानाचं निमित्त काढून घरी राहिला. गेले मी.

आणि मेलं नेमकं चाचणीच्याच सकाळी दुखणं उसळलं! पलंगाची दांडी धरून बाई कळवळत होती. नर्स धावत आली. "इंजेक्शन देते, पण मग आज चाचणी नाही. पुढची तारीख घ्यावी लागेल."

"द्या! काहीही द्या!"

"थांबा जरा," मी म्हटलं.

"तुम्ही वैरीण आहात माझ्या, ताई!"

"असेन. जीव तुझा आहे, तूच ठरव. पण आज घेतलंस, तर घरी जाऊन पुन्हा नाटकवालीच."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकले. मग दात आवळून नर्सला म्हणाली, "नको." आणि माझ्या हाताला अशी नखं रुतवली की विचारू नका. आत नेईपर्यंत सोडला नाही.

दार बंद झालं. मी बाकावर बसून सगळ्या देवांना कामाला लावलं. किती वेळाने कोण जाणे, डॉक्टरबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या.

"एकशे दहा."

"कितीपैकी?" मी वेड्यासारखं विचारलं.

त्या हसल्या. "चाळीसच्या आत हवं होतं. कापलंय, पित्त छान वाहतंय." मी तिथेच भोकाड पसरलं.

संध्याकाळी तिला नीट जाग आली. पहिला शब्द, "किती?" मी सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले, गालांवरून पाणी ओघळलं, आणि मग म्हणाली, "फोन लावा यांना. स्पीकरवर टाका."

"एकशे दहा," तिने नवऱ्याला सांगितलं. "चाळीसच्या आत हवं होतं. आता म्हणा नाटक."

पलीकडून दिराचा बारीक आवाज आला, "चुकलो गं मी."

"मोठ्याने बोला. तुमच्या वहिनींना ऐकू आलं नाही."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. "नाही बाई," मी म्हटलं, "एक अक्षर नाही."