मोडल्या लग्नाचं बटाटं

लग्न मोडलं तवा घरात पन्नास किलो बटाट्याचं पोतं होतं. आचाऱ्यानं तांदूळ माघारी नेला, मांडववाला खांब उपटून गेला, बटाटं तेवढं राहिलं. शेजारी देऊ म्हणलं तर द्वारकाबाई दारातच हात हलवून म्हणली, "नगं गं छबूबाई, माझी बी पोर उजवायची हाय." मोडल्या लग्नाचं अन्न कोण घेतंय! म्हणलं, राहू द्या बाई, आमचं आमी खातो.

चूक माझीच. लग्नाच्या आदल्या दिशी टिळ्याला डाळजचं पाहुणं आमच्या जळोचीत आलं. मानाचं फेटं कुणाकुणाला बांधायचं, ती यादी मीच सांगितली, आन् नवरदेवाचं थोरलं चुलतं हिंदुराव, त्यांचंच नाव राहिलं. माईकवर सगळी नावं झाली, हिंदुराव उघड्या डोक्यानं बसलेलं. उठलं आन् म्हणलं, "मान न्हाय तितं आमी पाणी बी पीत न्हाय." गाड्या वळल्या. नवरदेव दिग्विजय मागच्या सीटवर मोबाईल बघत बसला होता. उतरला न्हाय. माझे मालक, गेणू, रस्त्यापतूर हात जोडत गेले, तर काच बी खाली झाली न्हाय.

दुसऱ्या दिशी मी बटाटं शिजवायला लागले. रडू येत नव्हतं, मग हाताला काम तरी पायजे. सकाळी काचऱ्या, सांच्याला रस्सा. मग कूट घालून उपासाची भाजी, उपास नसताना. मग चुलीत भाजून लसूण-मिरचीचं भरीत. चवीचं म्हणाल तर मला काय बी कळत नव्हतं. मीठ घातलं का न्हाय, ते मालकांच्या तोंडाकडं बघून वळखायचं, आन् ते तर काय बी घातलं तरी मान खाली घालून खायचे.

माझी पोर सुप्रिया बोलत नव्हती. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर पायावर डोकं ठेवलं असतं पोरीच्या. पण ती नुसती साल काढायची. फोन पातेल्याशेजारी उताणा ठेवलेला. वाजला की हात पुसायची, बघायची, पुन्हा साल काढायची. दिग्विजयचा एकदा बी आला न्हाय.

आठव्या दिवसापास्नं बटाट्याला मोड यायला लागलं. ते सुरीच्या टोकानं काढून आमी माळवदावर वेफर घातलं. जुनी साडी हातरून दोघींनी चकत्या मांडल्या, उकडून, एकेक. ऊन भाजत होतं. बाराव्या दिशी तिनं फोन कपाटात ठेवला. मी बघितलं, पण काय म्हणणार? माझ्या तोंडाला लाजच होती.

बाविसाव्या दिशी सोयरीक जुळवणारे तात्याबा आले. पोतं तळाला गेलं होतं. त्याच बटाट्याची थालीपिठं तव्यावर होती. पाटावर बसत म्हणले, "छबूबाई, हिंदुरावांचा राग उतरलाय बघा. तुमी आपल्या हातानं त्यांना फेटा द्यायचा आन् चुकलं म्हणायचं. बास. गुरुवारचा मुहूर्त हाय."

माझ्या जिवात जीव आला. एकदा काय, शंभरदा म्हणते चुकलं! "व्हय" तोंडातनं निघणारच, तेवढ्यात सुप्रियानं तात्याबांच्या पुढं थालीपीठ-दह्याची ताटली ठेवली.

"तात्या, एक विचारू?"

"विचार की बाळ."

"आमी बावीस दिस बटाटं खाल्लं. त्यांच्या घरी काय शिजलं?"

तात्याबा हसले. "आता काय शिजणार? रोजचंच."

"दिग्विजय जेवतो का नीट?"

"तर! काल तर मटण होतं, मी बी जेवलो. दोन वाट्या रस्सा प्याला."

सुप्रियानं मान हलवली. "मग तसंच चालू द्या त्यांचं. मला न्हाय जायचं तितं."

तात्याबांचा घास हातातच राहिला. माझ्याकडं बघायला लागले, 'पोरीला समजावा' असं. मी तोंड उघडलं खरं, पण कुठल्या तोंडानं समजावू? आन् खरं सांगते, वाट्या मोजून रस्सा पिणारा जावई मला बी नको झाला होता. मी म्हणलं, "तात्याबा, थालीपीठ गार व्हतंय, खा." ते खाऊन गेले. दह्याला बोट बी लावलं न्हाय.

मग सुप्रिया चुलीपुढं बसली. उरलेलं थालीपीठ तिनं तव्यावरनंच घेतलं आन् भुकेल्यागत खाल्लं.

"आई, मीठ कमी हाय गं," म्हणली.

"व्हय?"

"व्हय. आन् उद्या बारामतीतनं वांगी आण." मग हात धुता धुता, माझ्याकडं न बघता म्हणली, "यादीत ते नाव राहिलं ना, ते लई बरं झालं."

मी पदर तोंडात कोंबला. बावीस दिसांत पहिल्यांदा रडले, चांगली हुंदके देऊन. पोर पाठीवरनं हात फिरवत राहिली, आन् हाताला तिच्या अजून बटाट्याचा वास येत होता.