माझी मोठं दाखवणारी बाजू

मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लोखंडी पायावर उभा असलेला जुना आरसा तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच आहे असं समजा. मला दोन बाजू आहेत. एक सपाट. तिच्यात माणूस जसा असतो तसा दिसतो. दुसरी किंचित खोलगट, तिच्यात जवळ आणलेला चेहरा तिप्पट मोठा दिसतो. ज्यांचा नंबर मोठा असतो त्यांना चष्मा काढला की स्वतःचं नाकसुद्धा सापडत नाही. नुसती फ्रेम घालून आपण कसे दिसतो हे त्यांना कळावं, म्हणून ती बाजू.

कारखान्यात माझ्या पाठीला चांदीचा पातळ थर दिला आणि त्यावर तपकिरी रंग चढवला. मग कागदात गुंडाळून पेटीत घातलं. पेटीवर ‘जपून हाताळा’ असं लिहिलेलं होतं, ते इथे आल्यावर कोणी वाचलं नाही. बावीस वर्षं मी चेहरे दाखवतो आहे. लोक माझ्यात बघून ‘छान दिसतंय’ म्हणतात, ते फ्रेमला म्हणतात. त्याचं मला काही वाटत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण ऐकली तेव्हाही नाही वाटलं. खरं तर ती माझ्या पोटावर पाय देणारी म्हण आहे.

दुकान मामांचं. म्हणजे ते आमच्या भाचीचे मामा. भाची कामाला लागल्यापासून गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणतात. भाचीचा हात फार चांगला. चष्म्याची काडी गरम करून ती अशी वाकवायची की गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत नाकावर चष्मा आहे हे विसरायचं. मामा म्हणायचे, “हिच्या बोटांत पाना आहे पाना.”

मग तिच्या तोंडावर मुरुमं आली. आधी कपाळावर, मग गालांवर, हनुवटीवर. दुपारपर्यंत चेहरा तेलानं चकाकायचा. रोज सकाळी ती शटर अर्धं वर करायची आणि माझी खोलगट बाजू फिरवून दोन बोटांच्या अंतरावर तोंड आणायची. मी माझं काम केलं. एकेक फोड सुपारीएवढा करून दाखवला. लोकांना आपण असेच दिसतो, हे तिनं तिथेच पक्कं ठरवलं.

तिनं दिवसातून सात वेळा साबण लावला. टूथपेस्ट लावली. लिंबू चोळलं. आणि शेवटी जे केलं ते आमच्याच धंद्यातलं माणूस करील. काचेवर तेलकट डाग पडला की आम्ही तो स्पिरिटनं काढतो. तिनं त्याच बाटलीतलं स्पिरिट कापसावर घेतलं आणि तोंड पुसलं. रोज, दोनदा. कातडी लाल झाली, सोलली, आग आग झाली, आणि मुरुमं होती तिथेच राहिली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

ती रडली असती तर मी दाखवलं असतं. ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू मुका झाला. मोठ्या नंबरवाल्या गिऱ्हाइकांशी मात्र ती मोकळं बोलायची, कारण जुना चष्मा काढला की त्यांना ती दिसायची नाही. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की लगेच पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधायची. कपाटात काही नसायचं.

चष्मा करताना डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर पट्टीनं मोजावं लागतं. त्यासाठी समोरासमोर बसून ‘माझ्या डोळ्यांत बघा’ म्हणावं लागतं. भाची म्हणायला लागली, “भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा.” घड्याळ तिच्या डावीकडे आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या, त्यांनीही घड्याळाकडे बघितलं. माप चुकलं. तिसऱ्या दिवशी नव्या चष्म्यातून त्यांना पायरी नीट दिसली नाही आणि त्या पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

मामांनी पट्टी काढून तपासलं. “चार मिलिमीटर. तुझी नजर होती कुठे?”

तिनं पट्टी उचलून खणात ठेवली.

“आजपासून मागच्या खोलीत काचा घास. दोन महिन्यांनी बाईंचं प्लास्टर निघालं की त्यांचं माप तूच घ्यायचंस. नाही जमलं तर काउंटर विसर.”

“बरं,” ती म्हणाली. इतकंच. काउंटर तिला जिवापाड आवडायचं, हे मला ठाऊक होतं. त्या ‘बरं’मध्ये काहीच नव्हतं.

शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या ताई चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला आल्या, तेव्हा भाची मागच्या बेसिनपाशी कापूस घेऊन उभी होती. वासावरून ताईंनी ओळखलं.

“अगं, तोंड आहे का भिंग?” त्यांनी बाटली काढून घेतली. स्वतःच्या दुकानातून सौम्य फेसवॉशची सर्वांत लहान ट्यूब आणि तेल नसलेलं हलकं लोशन आणून दिलं. दोन्ही स्वस्तातली, खालच्या फळीवरची.

“तेलकट तोंडाला आणखी लोशन?” भाचीनं विचारलं.

“सोलून काढलंस, आता जरा गोंजार. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा धुवायचं. घासायचं नाही, टॉवेलनं नुसतं टिपायचं. फोडांना नखं लावायची नाहीत. दोन महिने धीर धर. तरी नाहीच थांबलं, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, शेजारणीकडे नाही.”

दोन आठवडे काहीच झालं नाही. चौथ्या आठवड्यात आग थांबली. सातव्यात गाल निवळले, हनुवटीवर चार-पाच राहिली. पण ती रोज सकाळी दोन बोटांवर यायची आणि मी तेच डोंगर दाखवायचो. मला दुसरं येतच नाही.

प्लास्टर निघालं तरी ती माझ्यासमोर तशीच मुकी. मग एका सकाळी मागच्या खोलीतून येताना तिनं दारातूनच माझ्याकडे बघितलं. खोलगट बाजू तिच्याकडे होती. लांबच्या माणसाला ती बाजू उलटं दाखवते. डोकं खाली, पाय वर. ती थबकली.

“मामा, हा मला उलटी दाखवतोय.”

“दाखवणारच,” मामा हिशेबातून मान वर न काढता म्हणाले. “ती बाजू फ्रेम बघायला आहे. माणूस बघायला नाही.”

मग जवळ येऊन तिनं मला सपाट बाजूवर फिरवलं आणि हातभर अंतरावरून बघितलं. एक मुलगी, थोडी मुरुमं, दोन डोळे.

त्याच दुपारी बाई आल्या. भाचीनं पट्टी उचलली. ती खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली.

“माझ्या डोळ्यांत बघा, बाई.”

आठवड्यानं नवा चष्मा तयार झाला. तिनं तो बाईंच्या डोळ्यांवर चढवला. इथेच ती पाठ फिरवायची. तिनं फिरवली नाही. बाईंनी हातभर अंतरावरून, अगदी स्पष्ट, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. पेपर तपासताना बघत असतील तसं.

“उजवी काडी कानामागे टोचतेय गं,” बाई म्हणाल्या.

बस. भाचीनं काडी गरम केली, वाकवली, पुन्हा चढवली. बाई दुकानाच्या दोन पायऱ्या उतरल्या. एक. दोन. आणि चालू लागल्या. मामांनी काचा घासायचा एप्रन तिच्या गळ्यातून काढून खुंटीला टांगला आणि म्हणाले, “पुढचं गिऱ्हाईक बघ.”

मित्रांनो, बावीस वर्षांच्या स्पिरिटनं माझ्या कडेचा लेप उडाला आहे. भाची आता मला ओल्या मऊ फडक्यानं पुसते, दाबत नाही. तुम्हीही स्वतःला तसंच पुसा. मी जे मोठं करून दाखवतो ते मला दाखवावं लागतं. ते रस्त्यावर कोणाला दिसत नाही. हे तिला तेव्हाच सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तोंड नाही, म्हणून तिनं माझ्या त्या बाजूच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर तिचंच आहे.

‘ही बाजू फक्त फ्रेमसाठी.’