लपवलेली भाजी

पाळणाघरात तेवीस वर्षं स्वयंपाक केला मी. पोरांच्या नकळत त्यांच्या पोटात भाजी कशी ढकलायची, ते मला विचारा. पालक उकडायचा, वाटायचा, टोमॅटो आणि बिटात मिसळायचा. पोरं वाटी चाटूनपुसून साफ करायची आणि त्यांच्या आया तोंडात बोट घालायच्या.

आमचे हे त्या पोरांच्या वरताण. पुस्तकं बांधायचं दुकान होतं त्यांचं, आणि हट्ट असा चिवट की विचारू नका. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची झाली, दर महिन्याला रक्ततपासणी आली. खाणं मात्र तेच, पाव, बटाटे, अंडी. पालेभाजी वाढली की ताट सरकवून म्हणायचे, "मी काय बकरी आहे?"

मग मीही इरेला पेटले. पाळणाघरातलं सूप घरी सुरू केलं, रोज वाटीभर. वर औषधाच्या दुकानातून आणलेली जीवनसत्त्वांची गोळी, तीही कुटून त्यातच. "आज सूप झकास झालंय गं," म्हणाले. मला कोण आनंद झाला. माणूस आता दहा वर्षं जास्त जगणार, असं वाटलं.

पुढच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल? पालेभाजी, नवीन गोळ्या?"

"छे हो, पाल्याला मी शिवतसुद्धा नाही," हे छातीठोकपणे म्हणाले.

मी शेजारच्याच खुर्चीत होते. आता बोलले तर हे पुन्हा सुपाला हात लावणार नाहीत, आणि पालक खाऊन कुणाचं वाईट झालंय? असा शहाणपणा केला आणि गप्प बसले. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवून दिला.

दहा दिवसांनी लेक बाळंत झाली. तिने फोनवर रडत बोलावलं, तशी मी धावले. इकडे यांचं सूप बंद झालं, वाढलेला डोस चालूच राहिला. नवव्या दिवशी हे दुकानात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

रक्त एकाएकी एवढं पातळ कसं झालं, हे डॉक्टरांना कळेना. मी सुपाचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पालकामुळे आणि तसल्या गोळीमुळे त्यांच्या औषधाचा जोर कमी पडतो, सूप थांबलं आणि वाढवलेला डोस पुरता अंगावर आला, म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मी विचारलं होतं हो, बाई."

मी माझ्या हाताने माझा माणूस घालवला. याला दुसरा शब्द नाही.

लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाळ माझ्या मांडीवर होतं आणि ती भिंतीला टेकून म्हणत होती, "माझ्यामुळे झालं, आई. मी तुला बोलावलं नसतं तर बाबांच्या खाण्यापिण्याची आबाळ झाली नसती. तू किती जपायचीस त्यांना."

गप्प बसले असते तर लेक तरी माझी राहिली असती. पण तिने जन्मभर हे ओझं वाहायचं? मी सगळं सांगितलं. सूप, कुटलेली गोळी, डॉक्टरांचा प्रश्न आणि माझी ती खुर्ची.

ती उठली आणि माझ्या मांडीवरचं बाळ उचलून घेतलं.