तुरीच्या कोठीतले प्रोसेसर

दारव्ह्यात पूनमसिंगचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, आणि दिवाळीपासून तिथे मालापेक्षा भीतीच जास्त होती.

परदेशातली एक चिप कंपनी प्रोसेसरचे भाव वाढवणार, अशी कुणकुण त्याला लागली. बाकीची सगळी सामग्री विकून त्याने नागपूरच्या व्यापाऱ्याकडून प्रोसेसरचे बंद डबे भरून आणले. भाव पडला, तर दुकानाची पाटी तेवढी उरणार होती.

घरात कापूस भरून भावाची वाट पाहणारा हा मुलूख. माल दाबून ठेवायला पूनमसिंगला शिकवावं लागलं नाही. गिऱ्हाईक आलं की तो "माल नाही" म्हणायचा, आणि गिऱ्हाईक गेलं की डबे चाचपून पाहायचा. पुढे चोरांचं भय बसलं. मग त्याने डबे तांड्यावरच्या घरी नेले आणि मागच्या खोलीतल्या तुरीच्या कोठीत खोल पुरले. बायकोच्या, बसंतीबाईच्या, पोटात काही राहत नाही अशी त्याची समजूत होती, म्हणून तिला सांगितलं नाही. स्वतः मात्र माल राखल्यासारखा रिकाम्या दुकानातच झोपू लागला, चोरांना संशय नको म्हणून.

कंपनी नफा जाहीर करणार त्याच्या आदल्या दिवशी शेजारचे भगवानराव दुकानात आले. यांचा कापूस गेल्या हंगामापासून घरातच होता.

"काय पूनमभाऊ, तोंड कायले उतरलं?"

"कंपनी उद्या नफा सांगनार हाये."

"नफाच हाये ना? मंग भेता काहून?"

"अपेक्षेपेक्षा कमी निंघाला त पडते नं बजार, अन् संगं मालाचा भाव बी."

"नफा होऊन पडते?" भगवानराव विचारात पडले. "आपल्याले त जिंदगीत अपेक्षेइतका झाला नाही. आपन कसे नाही पडलो?"

"आपन पडेलच हाओ."

सकाळी बातमी आली. नफा अपेक्षेच्याही वर, आणि प्रोसेसरचे भाव पुढच्या महिन्यापासून वाढणार. लगेच नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन. "सगळे डबे मीच चढ्या भावानं परत घेतो. संध्याकाळी गाडी पाठवतो. एकेक लावून पाहू, मग पैसे."

पूनमसिंग मोटारसायकलवर तांड्याकडे सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं.

कोठीचं झाकण नव्या मातीनं लिंपलेलं होतं.

"हे कोनं लिंपलं?"

"म्या," बसंतीबाई म्हणाली. "आठ रोज झाले, गोळ्या टाकल्या तुरीत. दरसाल टाकते. किडे लागते ना."

पूनमसिंगने माती फोडून झाकण उचललं. सडक्या लसणासारखा वास भसकन अंगावर आला. बसंतीबाईने त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं.

"मराचं हाये काय? गॅस हाये तो! काई वेगो? काय झालं तुमाले?"

त्याने काय झालं ते सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही. नुसती बाजूला बसली. दारं उघडी टाकून दोघं अंगणात थांबले. वास जाईना. ऊन चढलं. मग वास गेला.

शेवटी त्यानेच तुरीत हात घातला. एक डबा काढला, सील कापलं. प्रोसेसरच्या पोटाखालचे सोनेरी ठिपके तव्यासारखे काळे पडले होते.

"तो गॅस बंद डब्यात बी शिरते. चांदी, तांबं, सोनं, सारं काळं पडते," बसंतीबाई हळूच म्हणाली. "म्हनून माह्या सासूची केसातली चांदीची घुगरी अन् तांब्याचा गडू म्या आधीच कोठीतून काढला. मले सांगतलं असतं, त हे बी काढले असते."

डबे दुकानात आणून त्याने तो प्रोसेसर स्वतःसाठी ठेवलेल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. दुसरा लावला. पंखा फिरला. तिसऱ्याचं सील कापायला हात पुढे होईना. बंद होता तोवर तो चांगला होता.

तेवढ्यात फोन वाजला. "पूनमसिंग, भाव आणखी चढला! गाडी निघाली."

भाव पडेल या भीतीत त्याने दिवाळीपासूनचे दिवस काढले होते. चढला म्हणूनही भीती वाटते, हे त्याला आज कळत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी वापस बोलवा. माल खराब झाला."

"बंद डब्यातला? कशानं?"

"किडे लागू नये म्हनून."

पलीकडून फोन कटला. दारात भगवानराव उभे होते. फोन त्यांनी ऐकला होता, कोठीचं पूनमसिंगने सांगितलं.

"तूर कशी हाये?" त्यांनी विचारलं.

"एक किडा नाही."

"मंग?"

"तिचा भाव काय हाये, भगवानराव?"

"कोन सांगते?" भगवानराव बाकावर टेकले. "तिच्याकून कोनाले अपेक्षाच नाही."