डाव्या नळीतलं काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. दचकू नका, पण फार जवळही येऊ नका.

एका लहानशा कारखान्यात मी घडले. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादाच्या दोन नळ्या आणि दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. फळबागेच्या एका राखणदाराने मला विकत घेतले. रानडुकरे माझ्या नुसत्या आवाजाने पळत. मालक मला दर आठवड्याला तेल लावी, आणि आल्यागेल्याला म्हणे, "बंदूक असावी तर अशी!" खोटे कशाला बोलू, मी फुशारून जाई.

पुढे माझा मागचा चाप अडकला आणि वीस वर्षे तसाच राहिला. "डावी नळी मेलेली आहे," हे घरात सगळ्यांना तोंडपाठ झाले. मी रिकामी आहे की नाही हे पाहायची एक रीतही पडून गेली. मला उघडायचे नाही. नळ्या वर करायच्या, पुढचा चाप ओढायचा. टक् वाजले की झाले!

शेवटच्या वर्षी मालकाने कुणाला न सांगता तो चाप दुरुस्त करून आणला आणि डाव्या नळीत काडतूस भरले. त्याच आठवड्यात त्याला झटका आला, वाचा गेली. अंथरुणावरून तो सारखा माझ्याकडे बोट दाखवी. मुलाला वाटे, बाबांना बागेची आठवण येतेय. मालक गेला. काडतूस माझ्या पोटातच राहिले, आणि मी दिवाणखान्याच्या भिंतीवर धूळ खात राहिले.

मुलगा बसचालक होता. दोन वर्षांनी नवा कायदा येणार अशी बातमी आली. प्रत्येक बंदुकीची नोंद, तपासणी आणि मालकाला दोन दिवसांचे सक्तीचे प्रशिक्षण. बंदूकवाल्यांची संघटना पेटून उठली आणि आमचा बसचालक तिच्यात सर्वांत पुढे. त्याची धाकटी बहीण रुग्णालयात नर्स होती. तिच्याशी त्याची रोज जुंपे.

"बस चालवायला परीक्षा दिलीस ना? मग हिच्यासाठी का नको?"

"आज नोंद करतील, उद्या दारात येऊन घेऊन जातील. बाबांची एवढीच वस्तू उरलीय गं. आणि आजवर कुणाला ओरखडा तरी आलाय का?"

"दादा, आमच्याकडे गोळी लागलेला माणूस आणतात ना, तेव्हा घरचे एकच सांगतात. रिकामी होती."

तो चिडला. "उद्या संघटनेच्या सभेत सगळ्यांसमोर दोन्ही चाप ओढून दाखवतो. मग बोल!"

पोलादाला घाम फुटत नाही, नाहीतर मी तेव्हाच चिंब झाले असते.

सभागृह खच्चून भरले होते. वरच्या सज्ज्यातही माणसे वाकून बघत होती. व्यासपीठावरच्या टेबलावर आम्हा बंदुकांची रांग मांडलेली. माझ्या शेजारी एका पोस्टमनची बंदूक होती. तो स्वतः पुढच्या रांगेत, कायद्याआधीच सुरू झालेल्या प्रशिक्षणाचा भरलेला अर्ज खिशात ठेवून बसला होता. सभा ऐकून काय ते ठरवू, असे त्याने दारातच सांगितले होते.

बसचालकाने मला उचलले. माझ्या नळ्या थेट सज्ज्याकडे रोखल्या गेल्या. पुढचा चाप, टक्. टाळ्या. त्याचे बोट मागच्या चापावर सरकले.

"दादा, आधी उघड!" बहीण ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आली होती. "बाबांची शपथ आहे तुला."

"घे, तुझ्या समाधानासाठी," म्हणत त्याने हसत मला उघडले.

काडतुसाचे पितळ त्याला दिसले. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण शेकडो डोळे त्याच्यावर होते. त्याने मला खाडकन मिटले.

"रिकामी आहे," तो म्हणाला, आणि चाप न ओढताच मला खाली ठेवले.

टाळ्यांनी छत दणाणले. बहिणीने मात्र टाळी वाजवली नाही. तिने भावाचा पांढराफटक चेहरा पाहिला होता.

नंतर गाडीत बसून त्याने काडतूस काढले. "बाबा हेच सांगत होते," म्हणत तो हुंदके देऊन रडला. पण बाहेर एका शब्दानेही बोलला नाही. कायदा बारगळला.

मित्रांनो, बंदूक दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. आणि ते "रिकामी आहे" म्हणाले, तर न लाजता विचारा, उघडून पाहिलीत का? मला तोंड असून बोलता येत नाही. तुम्हाला येते.

त्या सभेतून निघताना पोस्टमनने खिशातला अर्ज फाडला आणि आपली बंदूक खांद्याला अडकवून निश्चिंत मनाने घरी गेला. ती तासभर माझ्या शेजारी पडून होती. आम्हाला एकमेकींच्या पोटातले कळते. ती भरलेली होती.