मागच्या स्प्रिंगची सायकल

आमच्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाईक गादीवर झोपून बघितल्याशिवाय भाऊजी पावती फाडत नाहीत. नुसतं तळव्याने दाबून बघणाऱ्याला ते तोंडावर सांगतात, "ही गादी आहे, पाव नाही." चपला काढायच्या, आडवं व्हायचं आणि घरी वळतो तसं कुशीवर वळायचं. नवरा-बायको आले असतील तर दोघांनीही. एकाने कूस बदलली आणि दुसऱ्याला कळलं, तर ती गादी भाऊजी त्यांना देत नाहीत. काही गिऱ्हाइकं लाजून पळूनही गेली आहेत. मी मागे मशीनवर खोळी शिवत बसते, त्यामुळे मला सगळ्यांचे फक्त पाय दिसतात.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ताई दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, फोन घेते, पेशंटना वेळा देते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशी विसरलेल्या किल्ल्या आणायला ती एकटीच तिकडे गेली आणि जिन्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी घरी येईपर्यंत ती तिथेच पडून होती, तिला उठता येत नव्हतं. भाऊजी त्या वेळी कुणाच्या तरी पलंगाचं माप घेत होते आणि त्यांचा फोन टेम्पोत राहिला होता. पुढे हाड भरून आलं. भाऊजी काही सावरले नाहीत.

तेव्हापासून ते सतत तिच्या मागेपुढे. कामावर सोडायला तेच, आणायला तेच. जिना उतरताना ते तिच्या एक पायरी खाली, तेही उलटे चालत. घरच्या पलंगावर त्यांनी दुकानातली सगळ्यात जुनी, कुरकुरणारी गादी आणून टाकली. ताई जरा हलली की ती अख्खी गादी हलते आणि भाऊजी जागे होतात, त्यासाठीच ती आणली. गादीवाल्याच्या घरातली ही गोष्ट बाहेर सांगण्यासारखी नाही. ताई आधी यावर हसायची, मग चिडायला लागली, मग गप्प बसायला लागली. आमच्या माहेरी कुणी गप्प बसलं की कपाळाला हात लावून ताप बघतात, इतकी ती गोष्ट आम्हाला परकी.

पायासाठी सायकल चालवा, असं हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर, मातीच्या वाटेने सायकली फिरवतात. ताईने जेवताना जाहीर केलं, की तीही जाणार.

"जाऊ या की," भाऊजी म्हणाले.

"जाऊ या नाही. मी जाणार."

"मी काय अडवतोय का? मी आपला मागे मागे राहीन."

"नको."

बरीच घासाघीस होऊन शेवटी तह झाला. जायचं ताईने एकटीने, पण सायकल निवडायची भाऊजींनी. हा तह मला काही पटला नाही. चुकीची सायकल आली तर ताई ती एखादा रविवार कशीबशी रेटेल. मग ती सायकल बोळात उभी राहील, तिच्यावर टॉवेल वाळतील, आणि ताई पुन्हा खिडकीत बसेल. भाऊजींना मनातून तेच हवं होतं, असं मी म्हणणार नाही. पण नको होतं, असंही मी शपथेवर सांगू शकत नाही.

शनिवारी दुकान लवकर बंद करून आम्ही तिघं गेलो. सायकलवाली बाई हातभर ग्रीस माखून एका चाकाशी झटापट करत होती. ताईने मोजकं सांगितलं. फार महागातली नको, शर्यती मारायच्या नाहीत, मातीची वाट आणि थोडा चढ, रविवारपुरती. बाईने एक काळी सायकल पुढे काढली. रुंद टायर, डिस्क ब्रेक, चढासाठी हलका गिअर, धक्के झेलणारी स्प्रिंग, म्हणजे शॉकअप, फक्त पुढे. ताईला तिच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं केलं आणि दांडी आणि ताई यांच्यात मोकळी जागा राहते ना, ते पाहिलं.

तोवर भाऊजी कोपऱ्यातल्या लाल सायकलीपाशी पोचले होते. साधारण त्याच किमतीची, पण स्प्रिंग पुढेही आणि मागेही. त्यांनी सीटवर तळवा ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. मी तोंडावर ओढणी धरली.

"बघ कशी दबते," ते ताईला म्हणाले. "खड्डा आला तरी हाडाला पत्ता लागणार नाही."

"या किमतीत मागची स्प्रिंग नुसती वजनाला असते," सायकलवाली मान वर न करता म्हणाली. "पॅडल माराल तेवढी ती खालीवर होत राहणार. निम्मा जोर तिथेच जातो."

भाऊजींनी मान डोलावली, पण ती पातळ फोम खपवणाऱ्या एजंटापुढे डोलावतात तशी. आयुष्यभर त्यांनी एकच हिशेब मांडलाय. स्प्रिंगा जास्त, तर दुखणं कमी. आणि ताईच्या दुखण्याच्या बाबतीत ते कुणाचंच ऐकत नाहीत.

"हीच घेऊ," ते म्हणाले.

"आपल्या दुकानात पावती कधी फाडतात?" ताईने विचारलं.

भाऊजींनी सीटवरचा तळवा काढून घेतला.

"आणि दोघांनीही बघायचं असतं," ताई म्हणाली.

दुकानामागे मोकळं मैदान होतं. पलीकडून एक मातीची वाट चढत जाऊन वळणावर झाडीत शिरत होती आणि फिरून खाली मैदानातच येत होती. सायकलवालीने दोघांना हेल्मेटं दिली. ताई काळीवर बसली, भाऊजी लालवर. मैदानात भाऊजी तिच्या बाजूबाजूने, एक हात तयारीत ठेवूनच चालले होते. चढ लागला आणि मजा सुरू झाली. भाऊजी पॅडल मारत, सायकल झोके घेई, आणि ते जागच्या जागी डुलत राहत. पाळण्यातलं बाळ असतं तर झोपलं असतं. ताई मात्र हलका गिअर टाकून, घाई न करता वर चालली होती. त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मग ती वळणावरून झाडीत गेली आणि दिसेनाशी झाली.

भाऊजी अर्ध्यात उतरले. सायकल तिथेच आडवी टाकून ते थोडे वर धावले, दम लागला, थांबले. त्यांनी हाक मारली. वरून काही उत्तर आलं नाही. मग ते खाली आले आणि वाट जिथे मैदानात उतरते तिथे येऊन उभे राहिले. हेल्मेट डोक्यावर तसंच, तोंडाला रंग नाही. त्यांची कितीही चेष्टा करत असले तरी त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. ताईला यायला उशीर होत होता. सायकलवालीसुद्धा हात पुसत बाहेर आली.

ताई आली ती सायकलवर बसूनच आली. डावी बाजू खांद्यापासून घोट्यापर्यंत मातीने भरलेली. डावा म्हणजे मोडलेला पाय.

"घसरले," ती म्हणाली. "उतरताना वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबला."

भाऊजींचा हात तिच्या मांडीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"उठवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"कोण उठवणार? वर कुणीच नव्हतं."

"मग?"

"मग काय. उठले."

ती धापा टाकत होती आणि तोंडभर हसत होती. असं हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, म्हणून मी उगाच तिच्या बाहीवरची माती झटकली. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, पलंगाचं माप घ्यावं तसे.

"अजून एक फेरी मारून येते," ताई म्हणाली. "या वेळी मागचा ब्रेक आधी." आणि तिने सायकल वळवली.

ती चढाला लागली तसे भाऊजी अंगभर ताठ झाले. मग त्यांनी हेल्मेट काढलं, तिच्याकडे पाठ केली आणि सायकलवालीला म्हणाले, "काळी द्या."

"बरं."

"आणि वाटेत पंक्चर झालं तर काय करायचं?"

"सोपं आहे. या, दाखवते."

"मला नको," भाऊजी म्हणाले. "ती आली की तिला दाखवा."